ओ-टूला बिल्ड केलं की हार्डफॉल्ट, ओ-झिरोला सगळं ओके

सातपूर_फर्मवेअर
नमस्कार मंडळी, पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजसाठी टेंपरेचर लॉगर करतोय, कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर, कंपायलर जीसीसी, सेन्सर मॉडबस आरटीयूवर (सिरियल लाइनवरून डेटा मागायचा प्रोटोकॉल). ओ-झिरोचं (ऑप्टिमायझेशन बंद) बिल्ड रात्रभर चालतं, काही होत नाही. ओ-टू (ऑप्टिमायझेशन चालू) लावलं की सेन्सरचा पहिलाच रिप्लाय आला की थेट हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर एररमधे जाऊन प्रोग्रॅम बंद. मधे प्रिंटएफ टाकला तर क्रॅश गायब, काढला की परत हजर! रिप्लायच्या बफरमधे प्लस ३ च्या पत्त्याला यूइंट३२ चा (चार बाइटच्या आकड्याचा) पॉइंटर कास्ट करून लागोपाठ दोन व्हॅल्यू वाचतो, बाकी कोड साधाच आहे. द्राक्षं शून्य डिग्रीच्या आसपास ठेवायची असतात, सीझन तोंडावर आलाय, लॉगर मधेच बंद पडून चालणार नाही. ओ-झिरोवरच देऊन टाकू का?

गंगापूररोड_सी
इंटरप्टमधे सेट होणारा फ्लॅग व्होलाटाइल (दरवेळी मेमरीतूनच वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) आहे का बघ. नसेल तर ओ-टूला कंपायलर ती व्हॅल्यू रजिस्टरमधेच धरून बसतो. नाहीतर एफ-नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग लावून बघ (वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच जागेला असू शकतात असं कंपायलरला धरायला लावणारा फ्लॅग), लिनक्स कर्नलपण त्याच्यावरच बिल्ड होतो.

पंचवटी_एम्बेडेड
दादा, व्होलाटाइल लिहायचं राहिलं असतं तर प्रोग्रॅम लूपमधे अडकला असता, हार्डफॉल्ट कशाला येईल? आणि अलायसिंगच्या फ्लॅगने पत्ता अलाइन होत नाही, म्हणजे चारच्या पटीत येत नाही.
मॉडबसच्या रिप्लायमधे अ‍ॅड्रेस, फंक्शन, बाइट काउंट असे तीन बाइट गेले की डेटा सुरू, म्हणजे बफर चारच्या पटीत असला तरी डेटा विषम पत्त्यावर. एम४ ला साधा एलडीआर (एक चार बाइटचा आकडा वाचायची इन्स्ट्रक्शन) तिथे चालतो म्हणून ओ-झिरोला काही कळत नाही. ओ-टूला शेजारचे दोन रीड मिळून एक एलडीआरडी (दोन आकडे एकदम वाचणारी) होतो आणि त्याला चारच्या पटीतलाच पत्ता लागतो. मधे प्रिंटएफ आला की ग्लोबल बफर बदललेला असू शकतो असं कंपायलरला धरावं लागतं, मग तो दोन रीड जोडत नाही, म्हणून तुमचा क्रॅश गायब होतो. फॉल्ट आल्यावर सीएफएसआर (फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर) वाचा, बिट २४ (अनअलाइन्ड पत्ता) सेट असेल तर हेच. कास्ट काढा, मेमकॉपीने बाइट व्हेरिएबलमधे कॉपी करा, दोन-चार बाइटच्या मेमकॉपीला ओ-टूला फंक्शन कॉलपण होत नाही, थेट लोड होतात. ओ-झिरोवर अजिबात देऊ नका, उद्या कंपायलर बदलला की तोच कोड पुन्हा पडेल आणि तेव्हा आत माल भरलेला असेल.

सातपूर_फर्मवेअर
ताई, बिट २४ सेटच आहे! डिसअसेंब्लीत (मशीन कोडच्या लिस्टिंगमधे) फॉल्टच्या पत्त्यावर एलडीआरडीच दिसतोय. मेमकॉपी टाकली, ओ-टूला रिप्लाय नीट वाचतोय, खूप आभार. पण असे कास्ट अजून बऱ्याच फाइलींत आहेत, डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे वॉर्निंगचे दोन्ही फ्लॅग ऑन असून एकही वॉर्निंग आली नव्हती, ते कसे शोधू?

पंचवटी_एम्बेडेड
असे कास्ट दाखवणारा डब्ल्यू-कास्ट-अलाइन त्या दोन्हींत येत नाही, तो वेगळा लावा आणि त्याला इक्वल-टू स्ट्रिक्ट द्या, ते जीसीसी ८ पासून आहे. वॉर्निंग ढीगभर येतील, पण आधी कम्युनिकेशनच्या फाइली घ्या, बाहेरून बाइट येतात तिथेच हे जास्त सापडतं.