मदत हवी आहे: बीएएमएसनंतर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करावं का?

नमस्कार मंडळी. मी बीएएमएस, तीन वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. मागच्या पावसाळ्यात आशाताईंबरोबर एका पाड्यावर गेले होते. बाळाला झोळीत घालून काट्याला लावलं, वजन भरलं १ किलो ८०० ग्रॅम. आई नवव्या महिन्यापर्यंत नाल्यावरून हंडे वाहत होती. माझ्या औषधांच्या कपाटात त्यावर काहीच नव्हतं. तेव्हापासून सार्वजनिक आरोग्य शिकायचं मनाने घेतलंय.

मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), पुणे विद्यापीठ आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र (तिथे एमपीएच १९९७ पासून आहे) डोळ्यांसमोर आहेत. साथरोगशास्त्राची ओढ आहे, पण बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. संख्याशास्त्र कितपत जड जातं?

आणि मुख्य प्रश्न नोकरीचा. ज्यांनी एमपीएच केलंय त्यांनी कृपया स्पष्ट सांगा: पुढे पुन्हा अकरा महिन्यांचाच करार, की साथरोग सर्वेक्षण, संशोधन, स्वयंसेवी संस्था यांत पाय रोवता येतात? एमबीबीएसवाल्यांनाच प्राधान्य मिळतं का? बाबा म्हणतात, एमडी आयुर्वेद कर आणि दवाखाना टाक. त्यांची काळजी कळते, पण मला पाड्यावरचंच काम करायचंय. दोन वर्षं पगाराशिवाय काढायची आहेत, म्हणून विचारतेय.