होमिओस्टॅसिसला मराठीत काय म्हणायचं? समस्थिती, संतुलन का अजून काही?

प्रश्न: मी सोलापुरात अकरावीला बायोलॉजी शिकवते. होमिओस्टॅसिसला, म्हणजे शरीर आतलं तापमान, साखर, पाणी ठराविक हद्दीत ठेवतं त्याला, समस्थिती असा शब्द आहे, पण पोरं त्याचा अर्थ "शरीर स्थिर असणे" असा लिहितेत आणि तोंडी विचारलं की सांगतेत, अंगाचं टेंपरेचर कायम ३७ असतं, जरापण हलत नाही. संतुलन म्हटलं तर चालेल का?

उत्तर: मॅडम, समस्थिती राहू द्या, चांगला शब्द आहे, फक्त सम म्हणजे "तोच" नाही तर "सारखा" हे आधी सांगा. अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हा शब्द काढला तेव्हा ग्रीकमधला "सारखा" अर्थाचाच तुकडा मुद्दाम घेतला होता, कारण आतले आकडे हलतेत हे त्याला माहीत होतं. पहाटे अंग जरा गार असतंय, संध्याकाळी अर्धा डिग्रीने वाढतंय. उपाशीपोटी साखर ७० ते १००, भाकरी खाल्ली की चढते, मग इन्सुलिन तिला खाली आणतं. सगळ्यालाच एवढी मोकळीक नसते, रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, ७.३५ ते ७.४५ एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात लागतो, त्यासाठी फुप्फुसं आणि किडन्या चोवीस तास राबत असतेत. संतुलन म्हटलं की तराजूची दोन पारडी डोळ्यासमोर येतेत, एकदा बरोबर झाली की काम संपलं, म्हणून मला तो शब्द इथं पटत नाही. समजावताना मी तर "हद्दीत राखणं" म्हणेन, कारण राखणं म्हटलं की कुणीतरी सारखं लक्ष ठेवून आहे हे आपोआप येतं.

अजून एक उत्तर: हे पटलं. मी नर्स आहे, एप्रिल-मे मध्ये वॉर्डात जे बघते त्यावरून सांगते, आपल्या बोलीत याची समज आधीपासून आहे. आपण "ताप आला" आणि "ऊन लागलं" असे दोन वेगळे शब्द वापरतो ना, त्या खरंच दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताप येतो तेव्हा मेंदूतला हायपोथॅलॅमस, म्हणजे अंगाचं तापमान सांभाळणारा भाग, स्वतःच हद्द वर सरकवतो, समजा ३९ वर. अंग ३७ चंच असलं तरी त्याच्या हिशोबाने ते गार असतं, म्हणून भर उन्हाळ्यात माणसाला हुडहुडी भरते, दोन-दोन चादरी मागतो. कापण्याने स्नायू उष्णता तयार करतेत, हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसतेत, बोटं गार लागतेत. पॅरासिटॅमॉल दिलं की हद्द परत खाली येते आणि मग दरदरून घाम सुटतो. "घाम येऊन ताप उतरला" म्हणतेत ते शब्दशः खरं आहे.

ऊन लागलं की हद्द तिथंच असते, शरीराला गार व्हायचंच असतं पण जमत नाही. आपली हवा कोरडी, त्यामुळे ४३ डिग्रीत पण घाम लगेच उडतो, एक लिटर घाम वाळला की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, शर्टाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उरतेत त्या त्याच्याच. पण पत्र्याखालच्या कोंदट कारखान्यात घाम नुसता निथळतो, वाळत नाही, म्हणजे पाणी आणि मीठ गेलं आणि गारवा काहीच मिळाला नाही. अंग ४० च्या वर गेलं, माणूस बरळायला लागला की तो उष्माघात, तिथं पॅरासिटॅमॉलचा काही उपयोग नाही कारण सरकवलेली हद्दच नाहीये. अंगावर पाणी मारा, पंखा लावा, आणि गार करत करतच दवाखान्यात न्या. लोक "उन्हाचा ताप" म्हणून गोळी देऊन झोपवतेत ते बघून जीव तुटतो खरं सांगू का. तेवढा शब्दप्रयोग पोरांना टाळायला शिकवा मॅडम.

प्रश्न: ताई, हे लई भारी सांगितलंत, पुढच्या तासाला हेच घेते. आणि "उन्हाळी लागली" म्हणतेत ते पण यातच बसतं का?

उत्तर: बसतं ना. घामातून पाणी गेलं, रक्त घट्ट व्हायला लागलं की मेंदूकडून एडीएच हार्मोन सुटतं, ते किडनीला सांगतं पाणी धरून ठेव. किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर गाळतेत आणि त्यातलं बहुतेक सगळं परत घेतेत, लघवी दीड-दोन लिटरच होते, उन्हाळ्यात त्याहून कमी, गडद पिवळी, आणि जळजळते. तहान पण त्याच वेळी लागते. म्हणजे उन्हाळी लागणं ही राखणीचीच खूण आहे, पाणी वाढवलं की दिवसभरात जाते. नाही गेली किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र लघवी तपासायची, ते इन्फेक्शन असू शकतं.