मदत हवी आहे: 'स्वामी'चा रिव्ह्यू लिहायचाय, कसा लिहू?

आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर या वेळी मला रणजित देसाईंची 'स्वामी' आलीये, वाचून झाली, आवडली पण, आणि आता लिहायला बसले तर गाडी पुढेच सरकेना. म्हणजे माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले, १७६३ ला राक्षसभुवनला निजामाला हरवलं, १७७२ ला थेऊरला क्षयाने गेले, त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या, एवढं इतिहासात आहेच. पण त्या दोघांचे खासगीतले संवाद? ते तर कुणी लिहून ठेवलेले नसणार ना, आणि कादंबरीचा सगळा जीव तर तिथेच आहे. माधवरावांचे काका राघोबादादा जसे दिसतात ते कागदपत्रांतले की लेखकाच्या मनातले, हेही कळत नाही.

तर रिव्ह्यूमध्ये हे खरं-खोटं तपासत बसायचं का, की कादंबरी म्हणूनच बोलायचं? माझं मत विचाराल तर तारखेची चूक मी माफ करेन, पण माणूस उगाच देव करून ठेवला की वैताग येतो. तपासायचंच असेल तर रियासतकार सरदेसाईंच्या 'मराठी रियासत'मधला माधवरावांचा भाग पुरेल का, की पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या मूळ कागदपत्रांचे, छापील खंडच उघडावे लागतील? ते ४५ आहेत हो, नोकरी सांभाळून कधी वाचू?

आणि शेवट सांगितला तर स्पॉयलर म्हणतील का, हा पण एक येडपट प्रश्न आहेच. कुणी असे रिव्ह्यू लिहिले असतील तर सुरुवात कुठून करता तेवढं सांगा प्लीज, रविवारी वाचून दाखवायचाय.