‘एक्सपोर्टची बाग’ आणि ‘लोकल’: नेमका अर्थ काय?

प्रश्न: पिंपळगाव बसवंतकडे नातेवाइकांच्या द्राक्षबागेत गेले होते. ‘ही बाग एक्सपोर्टची, पलीकडची लोकल’ असं सगळेच म्हणत होते. दोन्ही बागा एकाच गावातल्या, मग एकच लोकल कशी? आणि ‘निर्यातक्षम’ असा चांगला शब्द असताना तो तिथे कुणाच्याच तोंडी का नव्हता?

प्रतिसाद: आमची बाग निफाड तालुक्यात आहे. ‘निर्यात’ म्हणजे निर् + यात, बाहेर गेलेला. ‘निर्यातक्षम’ म्हणजे बाहेर जाण्याजोगा. शब्द नेमका आहे, पण तो पत्रकात आणि चर्चासत्राच्या फलकावर भेटतो. बागेत चालतो तो ‘एक्सपोर्ट’, आणि तो आता प्रत सांगतो. मण्याची साइज, घडाची ठेवण आणि रेसिड्यू (फवारलेल्या औषधांचे मालात उरलेले अंश) जमलं की माल एक्सपोर्टचा, मग तो अजून वेलीवर का असेना. ‘लोकल’ म्हणजे स्थानिक नव्हे. आमच्याकडून कोलकात्याला जाणारी द्राक्षंही लोकलच!

रेसिड्यूचं सांगतो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर नाकारले गेले. ते औषध तोवर बागांमध्ये सर्रास वापरात होतं. त्यानंतर ‘एमआरएल’ (अशा अंशांची कमाल मर्यादा), ‘पीएचआय’ (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस), ‘सॅम्पल फेल गेलं’ हे शब्द शाळा अर्धवट सोडलेल्या शेतकऱ्याच्याही बोलण्यात रुळले. सरकारी मराठीत ‘उर्वरित अंश’ म्हणतात. मी तो बागेत एकदाही ऐकलेला नाही.

प्रतिसाद: मजुरीचेही शब्द बघा. आमच्याकडच्या बाया घरच्या बाजरीची ‘विरळणी’ करतात आणि दुसऱ्याच्या द्राक्षांच्या ‘थिनिंग’ला जातात. दाटी कमी करायची, काम तेच. पण थिनिंगला रोज मिळतो किंवा पेठ-सुरगाण्याची टोळी ते एकरावर उक्तं घेते. घरच्या विरळणीला कुणी मजुरी मोजत नाही. बाई घड देठाला धरते, मण्यांवरची पांढरट भुकटी पुसली जाणार नाही अशा बेतानं कात्री आत घालते आणि नेमका मणी काढते. हे कसब आहे. माझं स्पष्ट मत आहे की त्याला आपल्या भाषेत मानाचं नाव हवं. ‘मजूर बाई’ एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये.

प्रतिसाद: जुनी जोडी ‘देशी-विलायती’ची होती. ‘विलायती’ म्हणजे बाहेरून आत आलेला माल, आणि स्वदेशीच्या चळवळीत त्याच शब्दाविरुद्ध कापडाच्या होळ्या पेटल्या. ‘एक्सपोर्ट’ म्हणजे आतून बाहेर जाणारा. दिशा फिरली, पण चांगल्याची मोहर अजून बाहेरचीच. मुंबईच्या फुटपाथवर शर्ट विकणाराही ‘एक्सपोर्टचा पीस आहे’ असंच सांगतो. ‘गावठी’ मात्र उलट वर चढला, गावठी अंडी महाग झाली! ‘लोकल’चं तसं होईल का?

मूळ प्रश्नकर्ती: म्हणजे मी ‘लोकल’चा अर्थ ठिकाणाशी जोडत होते, तो प्रतीशी आणि दराशी जोडायचा होता. मग एकाच बागेत दोन्ही माल निघत असेल तर?

प्रतिसाद (निफाड): निघतोच. आधी एक्सपोर्टची खुडणी होते, राहिलेले घड लोकलच्या व्यापाऱ्याला जातात. आमच्या आईच्या हजेरीवहीत पूर्वी ‘खुडणी’ असा एकच रकाना होता. आता ती दोन आखते. सकाळी गाडीतून उतरलेल्या बाया चपला काढायच्या आधी विचारतात, “आज एक्सपोर्टला का लोकलला?”