तीन ताऱ्यांखालची अश्लीलता

शेवटचा_बाक
डान्सबारचा विषय निघाला की सगळे ‘कोर्टाने बार उघडले’ म्हणून मोकळे होतात. माझी तक्रार वेगळी आहे. २००५ साली महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घातली. ३३-अ ने परमिट रूम, बिअर बार वगैरे ठिकाणच्या नाचावर बंदी आणली. ३३-ब ने नाट्यगृहं, फक्त सभासदांसाठीचे जिमखाने आणि तीन तारांकित किंवा त्यावरची हॉटेलं यांना सूट दिली. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३३-अ रद्द केलं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. कारण काय, तर भेदभाव. मान्य! पण भेदभाव आला कुठून? सुटीतून. मग सूट उडवा, बंदी का उडवता? एक कौल गळतं म्हणून कोणी अख्खं छप्पर उतरवतं का? दोन्ही सभागृहांनी एकमताने केलेला कायदा होता तो.

काळाकोट
तुमचं कौल बरोबर आहे, छप्पर चुकलंय. बंदी दोन कसोट्यांवर पडली. समानतेची एक. दुसरी कलम १९ मधल्या व्यवसाय-स्वातंत्र्याची. सूट काढली तर पहिली सुटते, दुसरी तशीच राहते. व्यवसायावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण सरसकट बंदी घालायची तर त्याहून सौम्य उपायांनी भागत नव्हतं हे सरकारने दाखवावं लागतं. परवान्याचे नियम १९६० पासून होतेच. ते न राबवता थेट बंदी कशाला, हाच तर प्रश्न होता.

शिवाय तुम्ही सुचवता तो प्रयोग सरकारने करून पाहिलाय. २०१४ मध्ये पुन्हा एकमताने दुरुस्ती केली, सूट काढून टाकली, पंचतारांकितही बंद! ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. निकालाचा पाया बदलणारा नवा कायदा विधिमंडळ करू शकतं. पण पाया तोच ठेवून ‘आम्हाला निकाल मान्य नाही’ एवढंच कायद्याच्या भाषेत लिहिलं तर ते टिकत नाही.

खाडीपलीकडचा
वकीलसाहेब, मी पनवेलचा. आमच्या काकांनी जमिनीच्या मोबदल्याचे पैसे दीड वर्षात बारमध्ये उडवले. काकूने मंगळसूत्र मोडून पोरांच्या फिया भरल्या. सौम्य उपाय म्हणता, ते तिला कोण सांगणार? तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटील यांनी कायदा आणला तेव्हा आमच्या आळीत बायकांनी पेढे वाटले होते. राज्यघटनेत स्त्रीच्या प्रतिष्ठेचं कर्तव्यही लिहिलंय, ते कधी मोजणार?

रातराणी
काकूंचं दुःख खरं आहे, दादा. पण नाचणाऱ्या बाईलाही घर होतं. हजारो जणी एका कायद्याने बेकार झाल्या. त्यांची संघटना कोर्टात गेली होती, नुसते बारमालक नव्हते. बेकारीमुळे अनेकींना शरीरविक्रयाकडे जावं लागलं, हे २०१३ च्या निकालात आहे. प्रतिष्ठा राखायला निघालेला कायदा तिला कुठे सोडून आला बघा. आणि मला सगळ्यात झोंबलं ते ताऱ्यांचं गणित. तोच नाच गरिबासमोर अश्लील आणि झुंबराखाली करमणूक? काकांनी पंचतारांकितात पैसे उडवले असते तर काकूचं मंगळसूत्र वाचलं असतं का?

खाडीपलीकडचा
ताऱ्यांचं पटलं. म्हणून तर सगळीकडेच बंदी हवी होती.

शेवटचा_बाक
ठीक, २०१४ सोडून देतो. पण २०१६ चा नवा कायदा तर बंदीचा नव्हता, परवान्याचा होता. फक्त अश्लील नृत्यावर बंदी. मग २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्याही अटी का कापल्या?

काळाकोट
परवान्याचा वेश घातलेली बंदी होती म्हणून. शाळा किंवा देवळापासून एक किलोमीटरच्या आत बार नको, ही अट घ्या. मुंबईचा नकाशा उघडा आणि अशी एक जागा दाखवा. माहीममध्ये उभं राहून दगड मारला तर एकतर शाळेला लागेल नाहीतर देवळाला. जे दारातून आणता येत नाही ते खिडकीतून आणायचं, याला आमच्याकडे राज्यघटनेशी कपट म्हणतात.

‘अश्लील नृत्या’ची व्याख्या मात्र कोर्टाने टिकवली. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकराची वेळही टिकवली. अंतर गेलं. आत सीसीटीव्हीची सक्ती गेली, कारण गिऱ्हाइकाला आणि नाचणारीला खासगीपणा आहे. मालक ‘चांगल्या चारित्र्याचा’ हवा ही अट मोघम म्हणून गेली. म्हणजे कोर्टाने कायद्याची चाळणी केली, होळी नाही.

शेवटचा_बाक
अंतराच्या अटीवर हरलो. कॅमेऱ्यावर नाही. बँकेत, दुकानात, लिफ्टमध्ये कॅमेरा चालतो, बारमध्येच खासगीपणा कसा काय जागा होतो? आणि उद्या आत एखादीवर हात टाकला तर पुरावा कुठून आणायचा?

रातराणी
हा मुद्दा मलाही सतावतो. पण ते चित्रण पोलीस चौकीत कोण कोण बघणार, याचाही विचार करा. प्रवेशद्वारावर लावा की.

खाडीपलीकडचा
मला एकच सांगा साहेब. नोटा उधळायला बंदी टिकली, पण बक्षीस चालतं आणि ते कसं द्यायचं हे सरकारने ठरवायचं नाही, असंही त्याच निकालात आहे ना? मग नोट हातात दिली तर बक्षीस, फुटभर वरून सोडली तर गुन्हा?

काळाकोट
उधळणं म्हणजे उधळणं. शब्दाचा रोजच्या बोलीतला अर्थ घ्यायचा.

खाडीपलीकडचा
आमच्या काकांना विचारतो. ते दोन्ही करायचे.