मदत हवी आहे: शनिवारी पहिलं काउन्सेलिंग सेशन आहे, नेमकं काय होतं?

खिडकीपाशी
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. शनिवारी अकरा वाजताची अपॉइंटमेंट आहे, खाजगी काउन्सेलर. माझं वय ३९. याआधी असल्या कुणाकडे कधी गेलेलो नाही. पहिल्या वेळी काय करतात? आपण बोलायचं की ते विचारतात? घरच्यांना बोलावतात का? लगेच गोळ्या चालू करतात का? आणि एकूण किती वेळा जावं लागतं, म्हणजे खर्चाचा अंदाज येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉर्म आलाय, तो उद्यापर्यंत भरून द्यायचाय म्हणून घाई.
'योगा करा, पहाटे उठा' छाप उत्तरं कृपया नकोत. पहाटे उठतोच आहे, तीच तर भानगड आहे.

तात्या_सिन्नरकर
अहो, कोणत्या गावात आहात? काउन्सेलर म्हणजे डॉक्टर की दुसरं कुणी? फॉर्ममध्ये काय विचारलंय? एवढ्याशा माहितीवर काय सांगणार?

बटाटेवडा
गोळ्यांची काळजी सोडा. गोळ्या सायकिअ‍ॅट्रिस्ट देतो, म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (डिप्लोमा) केलेला डॉक्टर. काउन्सेलरने गोळी लिहून दिली तर तिथून पळत सुटा.

खिडकीपाशी
नाशिक. बाई आहेत, पाटीवर 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' आहे. डिग्री मी विचारलेली नाही, चांगल्या आहेत असं घरातूनच कळलं. फॉर्ममध्ये नेहमीचंच, नाव-गाव-आजार. माझ्या प्रश्नांची उत्तरं देणार का कुणी?

गोदाकाठची
मी देते. मीही नाशिकचीच, मी गेले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती.
पहिलं सेशन म्हणजे बहुतेक वेळ विचारपूस. आत्ताच का आलात, त्रास कधीपासून, झोप, भूक, काम, दारू-सिगारेट, आधीचे आजार, चालू औषधं, घरात कुणाला मानसिक आजार होता का. मग लहानपण, आईवडील, लग्न. बोलायचं आपणच, पण गाडी अडली की त्या पुढचा प्रश्न टाकतात. रडू आलं तर येऊ द्यायचं, टेबलावर टिश्यूचा डबा असतोच. ५० मिनिटं होतात आणि घड्याळ बघून थांबवतात. हे मला फार लागलं होतं, अगदी भरात असताना 'आज इथे थांबूया'. आता त्याचं काही वाटत नाही.
काही जण प्रश्नावली भरून घेतात. पीएचक्यू-९ नावाची फार चालते. गेल्या दोन आठवड्यांतल्या त्रासाबद्दल नऊ प्रश्न, बेरीज ० ते २७. आकडा बघून घाबरू नका. त्यावरून निदान ठरत नाही, पुढे सुधारणा मोजायला बरी पडते.
उपाय त्या दिवशी मिळत नाही. मी तर 'बाराशे रुपये देऊन मीच बोलले की!' असं पुटपुटत पायऱ्या उतरले होते. सुरुवातीला आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी. नेमका एखादा प्रश्न धरून काम चाललं तर साधारण सहा ते वीस सेशन धरा. नाशकात मी चौकशी केली तेव्हा ८०० ते १५०० सांगत होते, पुण्या-मुंबईत त्याहून जास्त. ठरलेली वेळ २४ तास आधी रद्द केली नाही तर बरेच जण पूर्ण पैसे लावतात, ते आधीच विचारून घ्या.
घरच्यांना तुमच्या परवानगीशिवाय बोलावत नाहीत. तुम्ही सज्ञान आहात.

निवांत७२
माझं ऐका, एवढे पैसे घालवू नका. इगतपुरी तुमच्यापासून तासाभरावर. धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. राहणं-जेवण फुकट, शेवटी ऐच्छिक दान. मी निवृत्तीनंतर गेलो, आयुष्य बदललं. मनाचे प्रश्न मनानेच सुटतात, दुसऱ्याला सांगून नाही.

डॉ_नव्हे
निवांतकाका, गंभीर मानसिक त्रास असलेल्यांनी या शिबिराला येऊ नये असं त्यांच्याच नियमावलीत आहे. आणि धागाकर्त्याने 'कुठे जाऊ' असं विचारलेलंच नाही. शिबिरात मौन पाळून हा माणूस काउन्सेलरशी बोलणार कधी?

निवांत७२
गंभीर आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही डॉक्टर आहात का?

डॉ_नव्हे
आयडी वाचा.

अर्धा_चहा
काउन्सेलिंगचा आमचा अनुभव छान आहे. मुलीच्या दहावीनंतर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट केली, दोन तास लागले, आठ दिवसांनी जाडजूड रिपोर्ट. सायन्स नको, डिझाइनकडे कल आहे असं निघालं. मुलांना आदल्या रात्री नीट झोपू द्या आणि पोटभर नाश्ता देऊन पाठवा.

खिडकीपाशी
ताई, मी ३९ वर्षांचा आहे.

सोनटक्का
पहाटे उठतो, तीच भानगड, असं लिहिलंय त्याबद्दल कुणीच विचारलं नाही. किती वाजता जाग येते? परत झोप लागते का? कधीपासून? रक्त तपासलंय का? मी दवाखान्यात काम करते. थायरॉइड आणि बी१२ ची गडबड असली तरी माणूस गळून जातो, चिडचिडा होतो. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी१२ करून घ्या, काउन्सेलिंगला जायचं म्हणून ते टाळू नका.
आणखी एक सरळ विचारते, राग मानू नका. जगणं नको वाटतं, जीव द्यावासा वाटतो, असे विचार येतात का? येत असतील तर शनिवारची वाट बघायची नाही. १४४१६ ला आत्ता फोन करा. टेली-मानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट, २४ तास आणि मराठीत बोलतात.

खिडकीपाशी
नाही, तसे विचार नाहीत. विचारलंत ते बरं केलंत. तीनला जाग येते, मग हिशेब चालू होतात डोक्यात, सहापर्यंत. दिवाळीपासून. दिवसा पोरावर ओरडतो. रक्त तपासलेलं नाही, करतो.
कारण घरगुती आहे. भावाशी दुकानाच्या वाटणीवरून फिसकटलंय, एकाच घरात खालीवर राहतो आणि बोलणं बंद. वहिनी बिचारी मधे. तिनेच तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीचं नाव सुचवलं, ओळखीतलं माणूस बरं म्हणून. आता तरी सांगा, फॉर्ममध्ये 'येण्याचं कारण' इथे किती लिहायचं?

गोदाकाठची
थांबा थांबा. काउन्सेलर तुमच्या वहिनीची मैत्रीण आहे? आणि भांडण त्याच वहिनीच्या नवऱ्याशी?

बटाटेवडा
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो दादा.

खिडकीपाशी
त्यात काय एवढं? त्या प्रोफेशनल आहेत, बाहेर थोडंच बोलणार.

गोदाकाठची
बोलणार नाहीतच, मी तसं म्हणत नाहीये. पण तुम्ही मोकळे बोलणार का? 'वहिनीने अमुक केलं' असं सांगताना तुमची जीभ अडणार, कारण दिवाळीला त्या दोघी भेटणार. त्या बाईंच्याही डोक्यात वहिनीची बाजू आधीच असेल. ओळखीतल्यांचे जवळचे नातेवाईक घेऊ नयेत हा या धंद्यातला साधा नियम आहे. नातं सांगितलंत तर त्या स्वतःच दुसरं नाव देतील. त्यांना नातं माहीत आहे ना?

खिडकीपाशी
फोनवर फक्त नाव सांगितलं. आडनावावरून कळलं असेल.

तात्या_सिन्नरकर
नाशिकसारख्या गावात अनोळखी माणूस आणायचा कुठून? इथे कुणी ना कुणी कुणाचा तरी साडू निघतोच. माझं स्पष्ट मत, तुम्हाला काउन्सेलर नको, वकील हवा. वाटणी झाली की झोप लागेल. गाळा मालकीचा आहे की पागडीचा?

डॉ_नव्हे
गोपनीयतेबद्दल थोडं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश वगैरे. अडचण अशी की हा कायदा ज्यांना 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' म्हणतो त्यांत सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांवरच्या उपचारांचं खास प्रशिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञ) येतात. मानसशास्त्रात एम.ए. करून खाजगी काउन्सेलिंग करणारे त्या व्याख्येत सरळ बसत नाहीत. म्हणून संमतीपत्र लेखी मागा. नोंदी कुठे ठेवतात, कुणाला दाखवतात, गोपनीयता कधी मोडतात, हे त्यात हवं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं.

बटाटेवडा
म्हणजे एम.ए. वाले सगळे बोगस का?

डॉ_नव्हे
असं मी कुठे म्हणालो? चांगले एम.ए. वाले खूप आहेत. शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, असं विचारलं तर चांगला माणूस रागावत नाही. गॅस शेगडी दुरुस्तीला येणाऱ्यालाही आपण चार प्रश्न विचारतोच की.

बटाटेवडा
@तात्या, मालकीचा गाळा असेल तर हक्कसोडपत्र करून भावाला द्यायचं आणि मोकळं व्हायचं. सासऱ्यांनी तेच केलं.

तात्या_सिन्नरकर
हक्कसोड कशाला? हक्क सोडला की सोडला, हातात काय राहिलं? वाटणीपत्र करा. स्थावर मालमत्ता आहे, नोंदणी दोन्हीला लागतेच. आमच्या सिन्नरच्या घराचं

(चुकून बटण दाबलं गेलं) आमच्या सिन्नरच्या घराचं तोंडी ठरवलं होतं, चुलतभावाने पुढे काय केलं ते विचारू नका.

खिडकीपाशी
अहो, दुकानाचा धागा नाहीये हा! वकील आहे आमच्याकडे. वकील रात्री तीनला फोन उचलत नाही.

सोनटक्का
तात्या, वाटणी झाल्यावरही लोकांना झोप लागत नाही, आमच्या ओपीडीत येऊन बसा एक दिवस. भाऊ दुरावलाय, हा हिशेबाच्या पलीकडचा त्रास आहे.

गोदाकाठची
नाशकात ओळखीचा प्रश्न खरंच येतो. म्हणून मी वर्षभर पुण्यातल्या बाईंशी ऑनलाइन केलं. व्हिडिओवर चालतं, फक्त घरात दार लावून बसता आलं पाहिजे. तुमच्याकडे खालीवर घर, म्हणजे अवघड. मी गाडीत बसून बोलायचे. गंगापूर रोडला एका मंगल कार्यालयाच्या मागे सावली असते.

बटाटेवडा
तिथे आता पे पार्किंग झालंय.

गोदाकाठची
कधी?? असो. अवांतर नको.

निवांत७२
ऑनलाइन कसलं आलंय मनाचं काम. समोर माणूस हवा. आणि हे लोक दर आठवड्याला बोलवत राहतात, त्यांचा धंदा आहे तो. मी तरी दान देऊन आलो, बिल नाही.

डॉ_नव्हे
काका, रास्त शंका आहे ही, खरंच. म्हणून तिसऱ्या-चौथ्या सेशनला विचारायचं की आपण नेमकं कशावर काम करतोय आणि काय बदललं तर थांबायचं. उत्तर गोलमोल आलं तर माणूस बदलायचा. पैसे अगदीच जड होत असतील तर टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीतही दाखवता येतं, गर्दी असते एवढंच.
विम्याचं कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराइतकाच विमा द्यावा लागतो. पण नेहमीच्या पॉलिसीत दाखल झाल्याशिवायचा खर्च मिळत नाही, म्हणजे ही सेशन खिशातूनच धरा.

अर्धा_चहा
विम्यात अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट पण बसत नाही. आम्ही विचारलं होतं.

खिडकीपाशी
सगळ्यांना एकदम उत्तर देतो. दुपारी त्या बाईंना फोन केला, नातं सांगितलं. आडनावावरून त्यांना अजिबात कळलेलं नव्हतं. त्या लगेच म्हणाल्या की मग मी घेऊ नये, आणि दोन नावं दिली. मी फोन केला होता हेही वहिनीला सांगणार नाही म्हणाल्या. शनिवारचे पैसे घेतले नाहीत. त्यातल्या इंदिरानगरच्या सरांकडे मंगळवारी संध्याकाळी सातची वेळ मिळाली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, यादीत नाव सापडलं. रक्त उद्या सकाळी देतोय.
त्यांचाही फॉर्म आलाय. 'येण्याचं कारण' मध्ये 'झोप, चिडचिड, घरगुती वाद' एवढंच लिहिलं. पण 'तातडीचा संपर्क' असा रकाना आहे, तिथे अडलोय. बँक, एलआयसी, पोराची शाळा, सगळीकडे आजवर भावाचं नाव दिलंय. बायकोचं द्यावं तर तिला अजून हे सांगितलेलं नाही.

सोनटक्का
नातेवाईकच हवा असं काही नाही. मित्राचं नाव चालतं, फक्त त्याला आधी कल्पना द्या. तुमच्या जिवाला धोका वाटला तरच फोन करतात, मंगळवारी आलात-गेलात हे सांगायला नाही. पहिल्या भेटीत तसं विचारून खात्री करून घ्या. 'येण्याचं कारण' तुम्ही लिहिलंय तेवढं पुरे, बाकीचं ते विचारतीलच.
बायकोला सांगायची घाई नाही. पण रात्री तीनला तुम्ही जागे असता हे तिला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

खिडकीपाशी
दुकानातल्या जुन्या मित्राचं नाव टाकलं. फॉर्म पाठवला.

गोदाकाठची
छान. सेशननंतर लगेच दुकानात जाऊ नका, अर्धा तास मोकळा ठेवा. डोकं जड होतं. आणि पहिल्या भेटीत पटलं नाही तरी दुसरी भेट घेऊन मगच ठरवा, अगदीच काही खटकलं नसेल तर.

तात्या_सिन्नरकर
उत्तम झालं. वाटणीपत्राचा एक नमुना मसुदा व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, सवडीने बघा. गाळा पागडीचा असेल तर तो चालणार नाही, म्हणून मगाशी विचारत होतो.