लीद वाहण्यासाठी पत्र्याचा गाडा घ्यावा का?

तबेल्यासाठी बांधकामावरचा पत्र्याचा एकचाकी गाडा चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो टाळावा, कारण रेती-गिट्टीने पत्रा फक्त घासला जातो, तर मूत्राने भिजलेले तणस त्याला गंजवते. आणि गंज आधी धरतो तो तळाच्या नटबोल्टांभोवती, जिथे ओल साचून राहते. जाड प्लॅस्टिकचे पात्र गंजत नाही आणि बादलीभर पाण्यात धुऊन निघते, मात्र वैशाखाच्या उन्हात पडून राहिले की ठिसूळ होऊन त्याच्या कडांना तडे जातात.

चाकाचा विचार अधिक बारकाईने करावा. वाटेवर बाभळीचे काटे असतील तर भरीव टायर बरा. परंतु पावसाळ्यात उकिरड्यापर्यंतची वाट काळ्या मातीचीच असेल आणि तिच्यावर मुरूम टाकलेला नसेल, तर भरीव अरुंद चाक रुतते, म्हणून तिथे रुंद, हवेचाच टायर घेऊन ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरावा. मोठा घोडा दिवसाला साधारण २० किलो लीद टाकतो, शिवाय ओले तणस वेगळे. त्यामुळे चार-पाच घोडे असल्यास दोनचाकी गाडा सोयीचा, कारण तो कलंडत नाही. फक्त आधी दाराची रुंदी मोजून घ्यावी.